घरातली हवा चांगली ठेवायची कशी? कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

माझ्या आईनं जन्मात विडी-सिगारेटला हात लावला नाही. तरी साठी उलटली आणि जिना चढताना तिला धाप लागायला लागली. डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावून तपासणी केली आणि विचारलं, "मावशी, चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केला?" राधानगरी तालुक्यातल्या आमच्या घरात तिनं जवळजवळ तीस वर्षं चूल फुंकली होती. निदान झालं सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होणं. त्या दिवसापासून घरातल्या हवेचा विषय माझ्या मनातून गेलेला नाही. शेजारणी, नातेवाईक आणि आईच्या भजनी मंडळातल्या बायका मला जे विचारतात, ते सगळं इथं एकत्र लिहिते आहे.

कोल्हापूरची हवा दिल्लीपेक्षा बरी आहे ना? मग एवढी काळजी कशाला?

बरी आहे, पण निर्धास्त राहावं अशी नाही. केंद्र सरकारनं जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेच्या मानकात न बसणाऱ्या शहरांच्या त्याच्या यादीत कोल्हापूरचं नाव आहे. पण मला जास्त काळजी आहे ती आतल्या हवेची. बाहेरच्या धुराला पांगायला आभाळ असतं, स्वयंपाकघरातल्या धुराला चार भिंती असतात. म्हातारी माणसं, बाळंतीण, तान्हं मूल ही तर जवळजवळ पूर्ण दिवस त्या चार भिंतींतच असतात.

सगळ्यात वाईट असतात ते अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. हे कण नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. आपल्याकडची मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये ती १५ असावी असं सांगितलं. खिडकी लावून एक घाणा तळला तरी स्वयंपाकघरातला आकडा काही मिनिटांत शेकड्यांत जाऊ शकतो.

मशीन न घेता हवा खराब आहे हे कसं ओळखायचं?

बाहेरून घरात आल्यावर पहिला श्वास कसा लागतो ते बघा. घरात बसलेल्या माणसाला पाच-दहा मिनिटांत वासाची सवय होते, बाहेरून येणाऱ्याला तो लगेच कळतो. कुबट वास असेल तर कुठंतरी ओल आहे. सकाळी उठल्यावर डोकं जड आणि घराबाहेर पडल्यावर हलकं वाटत असेल, तर रात्री खोली फार बंद राहते. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत ४२० भागांच्या आसपास असतो. दारं-खिडक्या लावून तीन माणसं झोपली की सकाळपर्यंत तो दोन हजारांच्या वर जाऊ शकतो. पंख्याची पाती, ट्यूबलाइटची पट्टी आणि फ्रिजचा माथा यांवर बोट फिरवा. कोरडी धूळ असेल तर ती केर-कापसाची. बोटाला चिकट काळं लागलं तर तो फोडणीचा धूर आहे, आणि तोच तुमच्या छातीतही जातो आहे.

खिडक्या कधी उघडायच्या?

"सकाळची हवा शुद्ध" हे हिवाळ्यात खरं नसतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत रात्री जमीन गार होते, गार हवा खाली दबून बसते आणि शेकोट्या, वाहनं, गुऱ्हाळं यांचा धूर तिच्यातच अडकतो. ऊन चढलं की तो वर उठतो. म्हणून थंडीत घर उघडं टाकायला दुपारची वेळ चांगली, साधारण बारा ते चार. उन्हाळ्यात पहाटे आणि रात्री. रस्त्याकडेला घर असेल तर गर्दीच्या वेळी रस्त्याची बाजू बंद ठेवून मागची उघडा.

एक खिडकी उघडून काम होत नाही. हवा आत यायला एक वाट लागते, बाहेर जायला दुसरी. समोरासमोरची खिडकी आणि दार दहा-पंधरा मिनिटं सताड उघडं ठेवलं, तर दिवसभर किलकिल्या ठेवलेल्या एका खिडकीपेक्षा जास्त हवा बदलते. शिवाजी पेठेतल्या, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांना मधला चौक आणि वर झरोके असायचे ते याचसाठी. आता आपण चौकावर पत्रा घालतो आणि मग घरात कोंडल्यासारखं होतं म्हणतो.

फोडणीचा ठसका तर आमच्या घरचा रोजचाच. त्यानं खरंच काही होतं का?

होतं. मिरचीतलं तिखट द्रव्य गरम तेलाबरोबर उडतं आणि श्वासनळीच्या आतल्या नाजूक अस्तराला लागतं. धडधाकट माणसाला खोकला येऊन जातो. दम्याच्या माणसाच्या नळ्या तिथंच आवळतात. त्यात तेल धुरावलं की बारीक कण वेगळेच.

तांबडा-पांढरा करू नका असं मी म्हणणार नाही, मीही करते. तेल धूर सोडेपर्यंत तापवू नका. मोहरी तडतडण्याएवढं तापलं की पुरे. मिरचीपूड टाकताना आच बारीक करा आणि पाठोपाठ वाटण किंवा पाणी घाला. फोडणी मागच्या शेगडीवर, भिंतीकडच्या बाजूला द्या, म्हणजे धूर तोंडावर न येता वर जातो. आणि एक्झॉस्ट फॅन ठसका लागल्यावर लावतात, तसं नको. कढई ठेवायच्या आधी लावा, गॅस बंद केल्यावर आणखी दहा मिनिटं चालू ठेवा.

खरी परीक्षा मार्च ते मेमध्ये, वर्षाची चटणी करताना. ब्याडगी, संकेश्वरी, जवारी मिरच्या, सुकं खोबरं, तीळ, धणे, खडा मसाला. चार-पाच किलोचा पसारा दोन-दोन दिवस भाजत बसायचं. आमच्या वाड्यात एकीनं मिरच्या भाजायला घेतल्या की तिन्ही मजल्यांवर शिंका सुरू व्हायच्या. आता आम्ही दोन गोष्टी बदलल्या. मिरच्या तीन दिवस कडकडीत उन्हात घालतो. बोटानं मोडल्यावर कट्ट आवाज आला पाहिजे, म्हणजे भाजायला निम्मा वेळ पुरतो. आणि शेगडी गच्चीवर नेतो. वारा ज्या बाजूनं येतो तिकडं पाठ करून बसायचं, मिरच्यांना तेलाचा हात लावून मंद आचेवर थोड्या-थोड्या परतायच्या. पदर नाकाला बांधून उपयोग नाही, बारीक कण कापडातून आरपार जातात. एन-९५ मास्क लावा. डंकावर चटणी कुटून घेतानाही तो काढू नका.

चिमणी घ्यावी की एक्झॉस्ट फॅन पुरतो?

चिमणी घ्यायची तर धूर पाइपानं घराबाहेर सोडणारी. पाइप नसलेली चिमणी हवा जाळीतून आणि कोळशातून गाळून परत खोलीतच सोडते. तेल थोडं अडतं, पण वायू आणि वाफ घरातच राहतात. नऊ-दहा इंची एक्झॉस्ट शेगडीच्या जवळ, छताखाली बसवला तर साध्या स्वयंपाकघराला भरपूर होतो. त्याला हवा ओढायला समोरच्या बाजूनं वाट हवी. सगळं बंद करून फॅन लावला तर तो नुसता घरघरतो. पाती आणि जाळी महिन्यातून एकदा सोड्याच्या गरम पाण्यानं धुवा.

गॅस असेल तर धुराची भीती नाही ना?

चुलीपेक्षा गॅस शंभर पटींनी बरा, यात शंका नाही. पण ज्योत निळी हवी. पिवळी, फडफडणारी असेल, भांड्याची बुडं काळी होत असतील, तर बर्नरची भोकं तुंबलीत. सुईनं साफ करा, नाहीतर माणूस बोलवा. सिलिंडरच्या गॅसचा वास आला तर लक्षात ठेवा, तो हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो. विजेचा दिवा लावू नका, बंदही करू नका. रेग्युलेटर बंद करून दारं उघडा, बाहेर या आणि १९०६ ला फोन करा.

बंब आणि चूल अजून चालूच आहे. बंद करणं जमत नाही.

गावाकडं चिपाड, लाकूडफाटा, शेणी घरच्या असतात आणि सिलिंडरला पैसे पडतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. बंब निदान अंगणात किंवा परसात, उघड्यावर ठेवा. चूल घरातच असेल तर वरच्या चार कौलांना वाट करून धुराडं काढा, आणि जळण वाळलेलंच वापरा. ओलं लाकूड जळत नाही, धुमसतं. चुलीपाशी लहान मूल पाठीवर किंवा मांडीवर घेऊन बसू नका. माझ्या आईनं आम्हा तिघांनाही तसंच वाढवलं, कारण तिला कुणी सांगितलंच नव्हतं. चूल पूर्ण सुटत नसेल तर निदान सकाळचा चहा-नाष्टा आणि अंघोळीचं पाणी गॅसवर किंवा सौर बंबावर आणा. तेवढं धुराचं प्रमाण रोज कमी होतं.

बाथरूममध्ये गॅस गीझर आहे. चालेल?

नाही. या पानावर दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं वाचा.

बंद बाथरूममध्ये गॅस जळताना खोलीतला प्राणवायू संपत जातो आणि अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, मग पायातली ताकद जाते आणि कडीपर्यंत हात पोचत नाही. थंडीत वारा लागतो म्हणून आपण व्हेंटिलेटरला पुठ्ठा लावतो, तेव्हा धोका आणखी वाढतो.

गीझर बाहेर, उघड्या जागी बसवून घ्या. आत फक्त गरम पाण्याचा पाइप येऊ द्या. तोपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, मग अंघोळीला जा. व्हेंटिलेटरचा पुठ्ठा आजच काढा. कुणी आत पडलेलं दिसलं तर दार फोडा, गॅस बंद करा, माणसाला उघड्या हवेत आणा आणि १०८ ला फोन लावा. पेटती कोळशाची शेगडी बंद खोलीत घेऊन झोपणं हेही याच धोक्यातलं.

बाळ-बाळंतिणीला धुरी द्यायची का?

यावर घराघरांत वाद होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

भाचीच्या बाळंतपणात मी ती खोली पाहिली. खिडकीच्या फटींत जुनं लुगडं कोंबलेलं. शेगडीत निखारे, त्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा, लसणाची सालं, वरून धूप. आठ दिवसांचं बाळ टॉवेलात गुंडाळून त्या धुरावर धरलेलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते शिंकत होतं. आजी म्हणाल्या, "बघ, सर्दी निघाली." ती सर्दी नव्हती, ते पिल्लू धूर बाहेर टाकायला धडपडत होतं.

मोठं माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतं, तान्हं बाळ तीस ते साठ. त्याची फुप्फुसं अजून वाढत असतात. निखाऱ्यातून धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइडही येतो, आणि खोली तर मुद्दाम बंद केलेली.

आजीच्या मनात असतं बाळाला ऊब मिळावी, अंग कोरडं राहावं, वास चांगला यावा. हे सगळं धुराशिवाय होतं. तेलाचं मालीश, कोमट पाण्याची अंघोळ, लगेच कोरडं पुसणं, कोवळ्या उन्हाची तिरीप, सुती टोपडं, आणि आईच्या छातीशी उघड्या अंगानं धरणं. त्यासारखी ऊब कुठल्या शेगडीला नाही. बाळंतिणीची पाठ शेकायची तर गरम पाण्याची पिशवी किंवा ओव्याची पुरचुंडी घ्या. आजींना तोडून बोलू नका. आमच्याकडे भाचीनं एवढंच म्हटलं, "आजी, मालीश तुम्हीच करा, तुमच्या हाताला गुण आहे; धुरी तेवढी राहू दे." त्यांनी मानलं.

उदबत्ती, धूप, कापूर?

श्रद्धेच्या आड यायचं नाही, पण उदबत्ती जळते म्हणजे धूर होतोच, मग ती कितीही नैसर्गिक म्हणून विकलेली असो. देवघर बंद खोलीत असेल तर पूजेच्या वेळी खिडकी उघडा, पाच काड्यांऐवजी एक लावा, किंवा फूल आणि तुपाचं निरांजन पुरे माना. दम्याचा रुग्ण घरात असेल तर धूप घरभर फिरवू नका.

डासांच्या कॉइलचं काय?

२००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एक कॉइल पूर्ण जळल्यावर निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. बंद खोलीत, मुलांच्या उशाशी, रात्रभर. मच्छरदाणी लावा, खिडक्यांना जाळी बसवा, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि टाकीचं झाकण आठवड्याला बघा. विजेवरच्या लिक्विडमध्ये धूर नसतो, पण औषध असतंच, म्हणून तिथंही फट ठेवा.

पावसाळ्यात भिंतीला बुरशी येते. दरवर्षी रंग देतो, तरी येते.

रंगानं बुरशी झाकली जाते, जात नाही. पाणी कुठून येतं ते आधी शोधा. गच्चीची भेग, खिडकीवरची सज्जाची कड, शेजारच्या बाथरूमचा पाइप, जमिनीतून चढणारी ओल. जुनी दगड-मातीची भिंत चुन्याचा गिलावा असेल तर ओल बाहेर सोडते. तिला ऑइलपेंट मारला की ओल आतच कोंडते आणि पापुद्रे निघतात.

घरात ओले कपडे वाळत घातले की लिटर-दीड लिटर पाणी हवेत जातं. आषाढ-श्रावणात दुसरा इलाज नसतो, मग निदान एकाच खोलीत, पंख्याखाली, खिडकी उघडी ठेवून वाळवा आणि त्या खोलीत झोपू नका. कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीला आणि गादीतल्या सूक्ष्म किड्यांना त्रास होतो. ती मोजायचं छोटं घड्याळ स्वस्तात मिळतं.

डाग पुसताना कोरडा ब्रश मारू नका, बुरशीचे बीजकण घरभर उडतात. मास्क आणि हातमोजे घालून साबणाच्या पाण्यानं पुसा. टणक पृष्ठभागावर लिटरभर पाण्यात ६० मिलिपर्यंत ब्लीच घालून पुसता येतं. ब्लीच आणि संडासाचं अॅसिड कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

पुराचं पाणी घरात येऊन गेलं तर?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की नदीकाठच्या गल्ल्यांतली माणसं सामान वर चढवायला लागतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये हे सगळ्यांनी भोगलं. पाणी ओसरल्यावर चिखल काढायची घाई होते, वाळवायची होत नाही. बुरशी एक-दोन दिवसांत धरते. भिजलेली कापसाची गादी, उशा, प्लायवूडचं फुगलेलं फर्निचर टाकून द्यावं लागतं. जीव तुटतो, तरी टाका. भिंती काही आठवडे उघड्या वाळू द्या, आत ओल असताना रंग-पुट्टी करू नका.

केर काढला की शिंका येतात.

कोरड्या झाडूनं निम्मी धूळ हवेत जाते आणि तासाभरानं परत खाली बसते. आधी ओल्या फडक्यानं कपाटं, मग फरशी. चादरी आठवड्याला गरम पाण्यात धुवा, गाद्यांना ऊन दाखवा. पारव्यांची विष्ठा बाल्कनीत साचली असेल तर ती पाणी मारून, मास्क लावून काढा. सुकी खरवडली तर तिच्या धुळीनं काहींच्या फुप्फुसाला सूज येते.

ट्रंकेतल्या डांबर गोळ्या?

त्यांचा वास म्हणजेच विषारी वाफ. तान्ह्या बाळासाठी जपून ठेवलेली झबली, दुपटी थेट ट्रंकेतून काढून घालू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एका घटकाची कमतरता असते, त्यांना यानं कावीळ होते, रक्तपेशी फुटतात. धुऊन, दोन दिवस उन्हात घालून मगच वापरा. साठवणीला कडुनिंबाचा वाळला पाला बरा.

घरात झाडं लावली की हवा शुद्ध होते ना?

लावा, डोळ्यांना आणि मनाला बरं वाटतं. पण हवेसाठी त्यांच्यावर विसंबू नका. नासाच्या १९८९ च्या ज्या प्रयोगाचा दाखला देतात, तो बंद पेटीत केलेला होता. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा खिडकी उघडण्याइतका परिणाम साधायला चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील असं निघालं. मग माणसं कुठं बसणार?

एअर प्युरिफायर घ्यावा का?

घरात दम्याचा, सीओपीडीचा रुग्ण असेल किंवा घर रहदारीच्या रस्त्यावर असेल, तर झोपायच्या खोलीसाठी घ्या. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंच खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. ती तासाला पाच वेळा गाळायची तर यंत्राची क्षमता ताशी १७० घनमीटर हवी. हा आकडा खोक्यावर शोधा. गाळणी हेपा असावी, ती ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. ओझोन सोडणारं यंत्र घेऊ नका. आणि कुठलाही हेपा प्युरिफायर कार्बन मोनॉक्साइड काढत नाही, ओल काढत नाही. साधा एसी तर खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही.

उसाचा फड पेटवला की काजळी घरात येते.

गळीत हंगामात कसबा बावड्यापासून करवीरच्या गावांपर्यंत वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे तंतू दिसतात. दिसतात ते मोठे कण, न दिसणारे त्यांच्याबरोबर असतातच. त्या तासा-दोन तासांपुरत्या खिडक्या लावा, आत काही तळू-भाजू नका, नंतर ओल्या फडक्यानं पुसा. शेतकरी असाल तर पाचट जाळू नका. सरीत कुजवलं तर ओल धरून ठेवतं आणि जमिनीला खत होतं.

भाड्याचं घर आहे, मालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत.

खिडकीची एक काच काढून तिथं प्लायमध्ये एक्झॉस्ट बसवा, घर सोडताना काच परत लावता येते. तेही नको असेल तर टेबलफॅन खिडकीकडं तोंड करून, हवा बाहेर फेकेल असा ठेवा.

तुमच्या आईला आता कसं आहे?

हा प्रश्न भजनी मंडळातल्या बायका आवर्जून विचारतात. गेलेलं फुप्फुस परत येत नाही. पण श्वासातून औषध ओढायचा पंप ती नियमानं घेते. "पंपाची सवय लागते" म्हणून तिनं सुरुवातीला वर्षभर टाळला, ते वर्ष फुकट गेलं. ती सवय नसते, औषध असतं. तुमच्या घरात कुणाला तीन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, चढावर धाप लागत असेल, तर डॉक्टरांना दाखवा आणि चुलीबद्दल त्यांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा. आई अजून रोज स्वयंपाकघरात येऊन खिडकीपाशी मेथी निवडत बसते. मी कढई ठेवली की ताट उचलून सोप्यात जाते, आणि फॅन बंद झाल्याचा आवाज आला की परत येते.